परमुलखांतले कायदेकर्ते आणि मेलेल्यांचा हिशेब
(कल्याण येथील सभेंत झालेलें भाषण)



गाझा कोठें आणि कल्याण कोठें, आपल्याला काय त्याचें, असें मघाशीं एका गृहस्थांनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें २६ माणसें मारलीं गेलीं; त्यांत तिघे आपल्या डोंबिवलीचे. त्यावर ब्रिटनच्या पार्लमेंटांत चर्चा झाली, अमेरिकेच्या सभासदांनीं शोक केला. तें ऐकून आपल्याला बरें वाटलें कीं नाहीं? आपलें प्रेत परक्यानेंहि मोजावें, असें माणसाला वाटतेंच.

आतां ठाण्यास या. टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायल लोकांचें १८७९ सालचें प्रार्थनामंदिर आहे. अलिबागकडे हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणत. घरांत मराठी बोलणारे हे लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्रायलला गेले. तिकडे बाँब पडला कीं इकडे ठाण्यांत जीव टांगणीला लागतो. आणि भिवंडीचा मागवाला मुसलमान गाझांतल्या पोरांचीं प्रेतें पाहून घांस टाकून उठतो. एक तेली, एक विणकर. दोघेहि आपले शेजारी.

७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासच्या हल्ल्यांत इस्रायलमध्यें सुमारें १,२०० माणसें मेलीं, २५१ ओलीस नेलीं गेलीं. पुढच्या दोन वर्षांत इस्रायलच्या माऱ्यानें गाझांत ६७,००० वर माणसें मेलीं, असा तेथील आरोग्यखात्याचा आंकडा आहे. परक्या कायदेकर्त्यांनीं काय केलें? अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानें २५ ऑक्टोबरला ४१२ विरुद्ध १० मतांनीं इस्रायलच्या पाठीशीं उभें राहण्याचा ठराव केला. मेलेल्या यहुद्यांचा शोक योग्यच होता. पण दोन आठवड्यांत त्याच गृहानें आपल्यांतल्या एकुलत्या एक पॅलेस्टिनी वंशाच्या सभासद रशिदा तलैब यांच्यावर २३४ विरुद्ध १८८ मतांनीं निषेधाचा ठराव केला. त्यांचे बोल इस्रायलच्या नाशाचे आहेत, असा आरोप होता. लंडनच्या कामन्स सभेंत १५ नोव्हेंबरला युद्ध थांबविण्याची मागणी २९३ विरुद्ध १२५ मतांनीं पडली. आणि मौज पहा, अमेरिकेनें एप्रिल २०२४ मध्यें इस्रायलसाठीं सुमारें २६ अब्ज डॉलरचा कायदा केला, त्यांतच सुमारें ९ अब्ज गाझा व इतर ठिकाणच्या पीडितांना मदत म्हणून होते. एका हातानें दारूगोळा, दुसऱ्या हातानें भाकर!

परंतु त्यांनाच नांवें ठेवूं नका. तिकडच्या लोकांना आपले खासदारहि परकेच. २१ जुलै २०१४ रोजीं राज्यसभेंत गाझावर चर्चा झाली, ठराव मात्र झाला नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघांत २७ ऑक्टोबर २०२३ रोजीं युद्ध थांबविण्याच्या ठरावावर आपलें सरकार तटस्थ राहिलें, आणि १२ डिसेंबरला तशाच ठरावाला त्यानें मत दिलें. मधल्या दीड महिन्यांत मेलेल्यांचा हिशेब कोणीं द्यावयाचा? हें विचारणें खासदारांचें काम, आणि खासदारांना विचारणें आपलें.

माझी सूचना अशी कीं, या सभेनें आपल्या खासदारांस पत्र धाडावें. त्यांत ओलीस नेलेल्यांचाहि उल्लेख असावा आणि गाझांतल्या पोरांचाहि. एक लिहून दुसरा गाळूं नये. ठाण्याच्या बेने इस्रायल मंडळींची सही मागावयास मी स्वतः जातों. भिवंडीस कोण जातो, तें आतां बोला.