टिचकी न लागणारा माल



आठवडी बाजारात मडके घेताना आपण त्याला टिचकी मारून पाहतो. नाद खणखणीत आला की पैसे काढतो, नाही तर पुढच्या कुंभाराकडे जातो. आज मी ज्या मालाविषयी बोलणार आहे, त्याला टिचकी मारता येत नाही. तो माल म्हणजे संगणकावर काढलेले चित्र. चित्रकार ते इंटरनेटवर मांडतो, तुम्ही पैसे भरता आणि मोबाइलमध्ये एक फाइल येऊन पडते. ना कागद, ना चौकट. मग घेणाऱ्याने काय विचारून घ्यायचे आणि देणाऱ्याने काय सांगून द्यायचे? मला हे कळले ते जरा खजील होऊनच.

२०२४ साली आमच्या गावच्या शाळेला ५० वर्षे झाली. सभागृहात वारीचे चित्र लावायचे ठरले आणि ‘प्रोफेसरांना कळते’ म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. (मी शिकवतो अर्थशास्त्र, पण गावाच्या लेखी सगळे प्रोफेसर सारखेच.) नाशिककडच्या एका तरुण चित्रकर्तीचे चित्र पसंत पडले. ६५० रुपये भरले, फाइल आली, ती मी व्हॉट्सॲपवरून तालुक्याच्या छपाईवाल्याकडे धाडली. ३० इंच रुंद, २० इंच उंच असे छापून आले. बघतो तो काय, वारकऱ्यांना चेहरेच नाहीत! टाळ कुठला, हात कुठला, पत्ता लागेना. भगवी पताका विटकरी झालेली.

मी तापलो. बाईंना एक शब्द न विचारता त्यांच्या दुकानाच्या पानावर एकच तारा दिला आणि खाली लिहिले, ‘शुद्ध फसवणूक.’

त्याच रात्री उत्तर आले. त्यात राग नव्हता, दोन प्रश्न होते. ‘सर, छपाईवाल्यांकडे फाइल कशी पाठवलीत? त्यांच्याकडे ती किती पिक्सेल रुंद दिसते?’ पिक्सेल म्हणजे चित्राचा लहानात लहान ठिपका. मला विकलेली फाइल ६,००० ठिपके रुंद होती. छपाईवाल्याकडे निघाली १,६०० ची! व्हॉट्सॲपवर चित्र साध्या फोटोसारखे पाठवले की ते आक्रसून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले म्हणजे जसेच्या तसे पोहोचते. ३० इंचांत ६,००० म्हणजे इंचाला २०० ठिपके. १,६०० म्हणजे जेमतेम ५३. चेहरे राहणार कुठून? पताकेचे कारण निराळे. पडद्यावरचा रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा, आणि उजेडातला झगझगीत भगवा शाईला साधत नाही.

मी माफी मागितली, लिहिलेले बदलले. पण मधल्या तीन दिवसांत ते किती जणांनी वाचले असेल? गावातल्या दुकानदाराला लोक ओळखतात, कोणी तापून बोलले तर हसून सोडून देतात. या मुलीला ओळखणारे कोण? घरी बसून चित्रे विकते; परके गिऱ्हाईक माझ्यासारख्याच्या दोन शब्दांवरूनच पारख करणार.

तिचे काही चुकलेच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. केवढे छापावे, कसे पाठवावे, हे तिने लिहिले होते इंग्रजीत, तेही बारीक अक्षरांत आणि पानाच्या तळाशी. गिऱ्हाईक मराठी, चित्र वारीचे, मग सूचनाच तेवढ्या इंग्रजीत का? मी हे तिला कळवले. तिने दोन ओळी मराठीत, किमतीच्या शेजारीच घातल्या. फाइल एकदा उतरवून घेतली की बहुतेक विक्रेते पैसे परत देत नाहीत, म्हणून हा खुलासा पैसे भरण्यापूर्वीच दिसला पाहिजे.

पुढे मुख्याध्यापकांनी तेच चित्र स्मरणिकेवर घ्यायचे काढले. म्हटले, थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रत विकत घेतली म्हणून छापून वाटण्याचा हक्क मिळत नाही. त्याला चित्रकाराची लेखी परवानगी लागते. बाईंना विचारले. ५०० प्रतींपुरती परवानगी आली, मोबदला काही नाही, फक्त नाव छापा म्हणाल्या.

आणि विक्रेत्याने उत्तरच दिले नाही तर? ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांना २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा लागतो. तेही झाले नाही, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

चित्र नव्याने छापून सभागृहात लागले. छपाईवाल्याने दुसऱ्यांदा अर्धेच पैसे घेतले. हल्ली त्याच्याकडे कोणी मोबाइल पुढे केला की तो आधी विचारतो, ‘फोटो म्हणून पाठवणार की डॉक्युमेंट म्हणून?’