संगणक-सेवेचे सुकाणू

(खापरखेडा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



अनेकांनी मिळून भार वाहणे म्हणजे काय, हे खापरखेड्याला बाहेरच्याने सांगावयास नको. येथील औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच उभे राहिले. एखादा संच देखभालीसाठी थांबला, तरी घरातील दिवा विझत नाही. उरलेले संच व अन्य केंद्रे तो भार उचलतात आणि त्याचे नियमन कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र करते. संगणक-सेवांचीही आज अशीच रचना झाली आहे.

पूर्वी एखादी आज्ञावली एका संगणकावर नीट चाले आणि दुसऱ्यावर बसविताच अडे. कारण तिला लागणारी सहायक सामग्री तेथे नसे. यावर कंटेनरचा उपाय निघाला. आज्ञावली व तिची सारी सामग्री एकाच बंदिस्त पेटीत भरली जाते. अशा पेट्या चालविणारा संगणकांचा समूह म्हणजे क्लस्टर. त्याचा कारभार पाहणारी ‘कुबरनेटीज’ ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये सर्वांना खुली केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ कर्णधार. सेवेच्या किती प्रती चालू असाव्यात, हे तिला लिहून द्यावयाचे. एक संगणक बंद पडला, तर त्यावरील प्रती ती दुसऱ्यावर सुरू करते. २०१५ मध्ये आलेले ‘हेल्म’, म्हणजे सुकाणू, या लेखी सूचनांचे एकच गाठोडे बांधते. प्रत्येक बदलास क्रमांक मिळतो. नवा बदल सदोष ठरल्यास एका आज्ञेने मागील क्रमांकावर परतता येते.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड शिक्षक ‘दीक्षा’वर उघडतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेली ही सेवा ‘सनबर्ड’ या खुल्या आज्ञावलीवर उभी आहे आणि सनबर्डची उभारणी कुबरनेटीज व हेल्म यांच्याच साह्याने केली जाते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ऑनलाइन शिक्षणाचा भार एकाएकी वाढला. अशा वेळी प्रतींची संख्या वाढविता येणे, हा या रचनेचा मोठा लाभ होय.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. पेटी आज्ञावलीची आहे, नोंदींची नव्हे. पेटी नष्ट झाली तर नवी निघते. पण केवळ तिच्यातच साठविलेली जन्माची वा घरपट्टीची नोंद परत येत नाही. मागील क्रमांकावर परतल्याने आज्ञावली परतते, पुसलेली नोंद परतत नाही.

म्हणून कोणतीही सेवा करवून घेताना कार्यालयाने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. आज्ञावलीचे गाठोडे व लेखी सूचना कंत्राटदाराकडेच न राहता कार्यालयाच्या ताब्यात असाव्यात. पासवर्ड त्या गाठोड्यात न ठेवता स्वतंत्रपणे सुरक्षित ठेवावेत. नोंदींची प्रत अन्य ठिकाणी असावी आणि तिच्यावरून नोंदी पुन्हा उभ्या करता येतात की नाही, हे वेळोवेळी प्रत्यक्ष करून पाहावे. सेवा चालू ठेवण्याचे काम यंत्र करील. नागरिकाची नोंद जपण्याचे दायित्व आपलेच आहे.