बागेतला छोटा ट्रॅक्टर ऐनवेळी का बंद पडतो?

(द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



ऑक्टोबर छाटणी झालेली आहे, घड बाहेर पडले आहेत, दोन दिवस झिमझिम पाऊस झाला आणि आज उघडीप मिळाली. डाऊनीची फवारणी आजच व्हायला हवी. ब्लोअर भरून तयार आहे, आणि ट्रॅक्टर सुरू होत नाही. मिस्त्री म्हणतो, उद्या येतो. असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. फुलोऱ्याच्या सुमारास डाऊनी घडावर गेली तर गेलेला घड परत येत नाही. तेव्हा छोट्या ट्रॅक्टरचा बिघाड हा केवळ दुरुस्तीच्या बिलाचा प्रश्न नाही. त्यात वर्षाचे पीक अडकलेले असते, आणि बहुधा बँकेचा हप्ताही.

मांडवाखाली आणि आठ-नऊ फुटांच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून आपण अठरा ते चोवीस अश्वशक्तीचा घेतो. हे योग्यच आहे. पण विक्रेता इंजिनची अश्वशक्ती सांगतो आणि ब्लोअर किंवा रोटाव्हेटर चालतो तो पी.टी.ओ.वर. तिथे मिळणारी शक्ती नेहमीच कमी असते. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रे चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती आणि हायड्रॉलिकची उचलण्याची क्षमता दिलेली असते. खरेदीपूर्वी हा अहवाल मागावा. औजार त्यावरून निवडावे, शेजाऱ्याकडे कोणते आहे त्यावरून नव्हे. भारी काळ्या जमिनीत रुंद रोटाव्हेटर लावला, धुरांड्यातून सतत काळा धूर येतो आहे आणि आपण तसेच ओढत राहिलो, तर क्लच प्लेट आणि इंजिन दोन्ही लवकर जातात.

आता उष्णतेकडे वळू. माझ्या मते बागेतल्या ट्रॅक्टरचा हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. ब्लोअरने उडवलेला औषधाचा तुषार, गंधकाची भुकटी, धूळ आणि वाळलेली पाने हे सर्व पंखा आत ओढतो. रेडिएटरच्या बारीक जाळीवर त्याचा थर बसतो. मांडवाखाली हवा खेळती नसते, वेग कमी असतो, आणि इंजिन तापते. फवारणीच्या हंगामात ही जाळी रोज संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साफ करावी. समोरून जोरात पाणी मारल्यास कचरा आत रुततो व पातळ पत्रे वाकतात. आत बोअरचे पाणी भरू नये. त्यातील क्षार नळ्यांत साचतात आणि ते काढणे फार अवघड जाते. पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सांगायला नको. तरी हात भाजलेले लोक दरवर्षी भेटतात.

एअर क्लिनरचेही तसेच. पुस्तिकेतील तास साध्या कामासाठी असतात, धुळीत ते निम्मे समजावेत. डिझेल कॅनमध्ये साठवत असाल तर तळाचे ओतू नये, आणि टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्री आत पाणी धरत नाही. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने धुऊन वर ग्रीस लावावे. "सेल्फ गेला" म्हणून आलेल्या कित्येक तक्रारी एवढ्यावर मिटतात.

पण सगळा दोष मालकाचाच, असे मी म्हणणार नाही. काही ट्रॅक्टर मुळातच सदोष निघतात. तेच ऑईल सील तीनदा गळते, तोच गिअर निसटतो, आणि दर वेळी फोनवर आश्वासन मिळते. फोनवरच्या तक्रारीचा पुरावा राहत नाही. म्हणून टूलबॉक्समध्ये एक वही ठेवावी. तारीख, तासमीटरचा आकडा, काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, एवढे लिहावे. प्रत्येक वेळी जॉबकार्डची प्रत मागून घ्यावी आणि तक्रार लेखी देऊन पोच घ्यावी. हमीच्या मुदतीत बाहेरच्या मिस्त्रीला इंजिन किंवा पंप उघडू देऊ नये. त्याच कारणावरून हमी नाकारली जाते.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेले यंत्र या कायद्यात बसते. भाड्याने चालवण्याचा मोठा धंदा असेल तर मात्र वाद होऊ शकतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अशा वेळी ही वही आणि जॉबकार्डे उपयोगी पडतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. छाटणीआधीच शेजारच्या बागायतदाराशी बोलून ठेवावे, की एकाचा ट्रॅक्टर बंद पडला तर दुसऱ्याने त्याची फवारणी त्याच दिवशी उरकून द्यायची. दोघांच्या ब्लोअरचा पी.टी.ओ. शाफ्ट एकमेकांच्या ट्रॅक्टरला बसतो का, हे आधी लावून पाहावे. आणि घरात एक फॅन बेल्ट, एक डिझेल फिल्टर व दोन-चार फ्यूज आणून ठेवावेत.