व्याख्या आणि हाक

(केंद्रशाळेतील शिक्षकमेळाव्यात केलेले भाषण)



संगणकास आज्ञा देण्याच्या विद्येतील एकच गोष्ट आज आपणांपुढे मांडावयाची आहे. फंक्शनची व्याख्या करणे व त्यास हाक मारणे या दोन भिन्न क्रिया होत.

उदाहरण 'लोगो' या भाषेचे घेऊ. वॉली फ्युर्झाइग, सेमूर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी अमेरिकेत १९६७ साली ती मुलांसाठी रचली. तीत पडद्यावरील कासव आज्ञेप्रमाणे चालते व मागे रेघ उमटवते. 'पुढे ५०, उजवीकडे ९० अंश' असे चार वेळा सांगितले की चौरस होतो. दहा चौरस हवे असल्यास तेच दहादा लिहावे काय? नाही. त्या क्रमास 'चौरस' असे नाव द्यावे. प्रथम 'टू' हा शब्द व नाव, मध्ये आज्ञा, शेवटी 'एंड'. ही झाली व्याख्या.

व्याख्या पुरी झाली तरी कासव जागचे हालत नाही. मुलास वाटते, यंत्र बिघडले. परंतु भाकरीची कृती वहीत उतरवली म्हणून ताटात भाकरी पडत नाही! पुढे 'चौरस' अशी हाक मारावी, तेव्हाच आकृती उमटते. बाजूची जागा व्याख्येत मोकळी ठेवली, तर 'चौरस ५०', 'चौरस ८०' असे हवे ते माप हाकेबरोबर देता येते. व्याख्येवाचून हाक मारली, तर हे कसे करावे ते ठाऊक नाही, असे लोगो सांगते.

आता व्याख्येत ९० ऐवजी ८० अंश पडले, तर प्रत्येक चौरस उघडा राहील. दहा आकृत्या चुकल्या, पण चूक एकच. ती व्याख्येत सुधारावी, म्हणजे पुढील प्रत्येक हाकेस चौरस नीट येईल.

येथे आपल्या वर्गाकडे वळू. एखादा मुलगा ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितो. प्रत्येक स्थानी तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. अशी दहा उदाहरणे चुकली की आपण दहा फुल्या मारतो व त्यास मंद ठरवतो. वस्तुतः तो आपल्या मनातील व्याख्या इमानाने पाळत असतो. त्या व्याख्येतील एक ओळ सुधारणे, हेच आपले काम.

संगणक नसला तरी अडत नाही. अंगणात एका मुलास कासव करावे, इतरांनी व्याख्या रचावी व हाक मारावी. चौरस मिटला नाही, तर कासवास रागावू नये. व्याख्या पुन्हा वाचावी.