टिकवणं हाही उपचारच



मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडच्या एका आजोबांना पार्किन्सन आहे. हॉलमधून ते नीट चालत निघतात, पण स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला खिळतात. अंग पुढे झुकतं, पाऊल मात्र उठत नाही. पडायचे ते तिथेच. आम्ही उंबरठ्याअलीकडे फरशीवर पावला-पावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय उचलला जातो. नुसतं ‘चला’ म्हणून जे होत नाही, ते डोळ्यांपुढे खूण असली की बरेचदा होतं. हा आजारच तसा आहे. त्याच्या जोडीला खुर्चीतून उठण्याचा, अंथरुणात कूस बदलण्याचा सराव, आठवड्यातून दोनदा. आजोबा बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत. पण आजही ते कुणाचा हात न धरता न्हाणीघरात जातात.

त्यांचा मेडिक्लेम आहे, एकही हप्ता चुकलेला नाही. या उपचारापोटी मात्र त्यांना एक रुपयाही मिळाला नाही. नकाराच्या पत्रात कारण होतं : रुग्ण दाखल नव्हता.

याच आजोबांचा उंबरठ्याशी पडून खुबा मोडला असता, तर शस्त्रक्रिया, खोलीभाडं, औषधं, सगळ्याचा दावा करता आला असता. मला हा उघड अन्याय वाटतो.

१९८६ साली आपल्याकडे मेडिक्लेम आला, तो इस्पितळाची खाट डोळ्यांपुढे ठेवून. ती खाट अजून हललेली नाही. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत दाखल होण्याआधीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरतात. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच आहे, पण घरी आल्यानंतरचे दिवस पंधराच, आणि ओपीडी बाहेरच. २०२४ मध्ये जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला. चांगलं झालं. पण आजार विम्यात आला तरी त्याचा रोजचा उपचार दाराबाहेरच उभा आहे. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं. हे आजार पंधरा दिवसांत किंवा साठ दिवसांत संपत नाहीत, हे कुणाला ठाऊक नाही?

असाच प्रश्न अमेरिकेतही उभा राहिला होता. तिथे ग्लेंडा जिमो नावाच्या बाई होत्या, व्हरमाँट राज्यातल्या. त्यांना दिसत नव्हतं आणि मधुमेहापायी एक पाय कापावा लागला होता. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्यानं त्यांची घरची शुश्रूषा नाकारली, कारण त्यांच्या प्रकृतीत सुधारणा होण्यासारखी नव्हती. २०११ मध्ये त्या इतर रुग्णांसह न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयानं समझोत्याला मान्यता दिली : रुग्ण सुधारेल का, हा निकष नाही; त्याला प्रशिक्षित माणसाच्या उपचाराची गरज आहे का, हा निकष. आहे ती अवस्था टिकवणं आणि घसरण मंदावणं यांसाठीही विमा मिळेल. आपल्या पॉलिसींमध्ये मला हेच वाक्य हवं आहे.

विमा कंपन्या म्हणतात, याला अंत कुठे? भीती खोटी नाही. पण हिशेब ठेवता येतो. एक साधी चाचणी आहे : खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. घड्याळ लावून सेकंद मोजायचे. दर तीन महिन्यांनी ही नोंद मागा, वर्षाला बैठका ठरवून द्या, डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची करा. आम्हा फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे, तेव्हा उपचार कोण करतं हेही तपासता येईल.

हे होईल तेव्हा होईल. आज घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढा आणि घरी आल्यानंतरच्या खर्चाचं कलम वाचा. कुणी इस्पितळातून सुटत असेल तर फिजिओथेरपी किती आठवडे हवी, हे डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांकडून लिहून घ्या. कलमातल्या मुदतीतला हा खर्च मागता येतो; कितीतरी घरं तो मागतच नाहीत. नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे. तिथे शुल्क नाही, आणि वकीलही लागत नाही.