घर बांधायचे, पण कोणाच्या हातून?
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. आम्ही नवरा-बायकोने दोन्ही करून पाहिले. लग्नाचे कर्ज केव्हाच फिटले. घर बांधताना झालेली चूक मात्र अजून सलते. तीच आज तुम्हांला सांगतो.

आमचे जुने घर मातीचे होते. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. मग आम्ही नवे घर बांधायचे ठरवले. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर स्लॅब.

बाजारच्या दिवशी एक ठेकेदार भेटला. मोठा गोड बोलणारा. म्हणाला, "दोन महिन्यांत घर उभं करतो. तुम्ही फक्त वास्तुशांतीची तयारी करा." त्याचा भावही सगळ्यांपेक्षा कमी. आम्ही हुरळून गेलो. त्याने बांधलेले एकही घर आम्ही पाहिले नाही. निम्मे पैसे पहिल्याच दिवशी मोजून दिले. बाकीचे भिंती होईपर्यंत देत गेलो.

सुरुवातीला त्याने एक कागद पुढे केला. आम्हांला वाचता येत नव्हते. "यात काय लिहिलंय?" एवढे विचारायचीही लाज वाटली. अंगठा उठवला. कागद त्याच्याच खिशात गेला.

भिंती वरपर्यंत आल्या अन् काम थांबले. ठेकेदार म्हणाला, "आता स्लॅबचं लोखंड, सिमेंट आणा." आम्ही म्हणालो, "ते तर ठेक्यातच आहे." त्याने कागद काढला. आमच्या मुलीने वाचून दाखवला. त्यात लिहिले होते : स्लॅबचा सर्व माल मालकाने द्यायचा. खाली आमचाच अंगठा!

हातात पैसा उरला नव्हता. मृग लागला. उघड्या भिंतींवर पाऊस कोसळू लागला. चार महिने आम्ही गोठ्यात बैलांशेजारी संसार केला. पोरीची पुस्तके भिजली. ती काही बोलली नाही, पण आम्हांला तिच्या तोंडाकडे बघवेना.

तो माणूस लबाड होता, की आम्ही अडाणी होतो? खरे सांगायचे तर दोन्ही. त्याच पावसाळ्यात आम्ही या वर्गात येऊ लागलो.

दिवाळीनंतर पैशाची जुळवाजुळव केली आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. हे मिस्त्री फार बोलत नसत. म्हणाले, "आधी मी बांधलेली तीन घरं बघून या. मी बरोबर येत नाही. मालकालाच काय ते विचारा."

आम्ही गेलो. विचारले : पावसात घर गळते का? भिंतीला चीर गेली का? ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले का? काम अर्धे टाकून मिस्त्री दुसरीकडे गेला का? एका घरी म्हणाले, "उशीर केला, पण गळत नाही." आम्हांला ते उत्तर आवडले. दोष सांगणारा माणूस गुणही खरेच सांगतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की मिस्त्रीचे तोंड पाहू नका, काम पाहा. तेही निदान एक पावसाळा खाल्लेले.

दुसरी गोष्ट : बोली लिहून घ्या. ठेका नुसत्या मजुरीचा, की मालासकट? पाया किती खोल? भिंत किती जाड? स्लॅब, दारे, खिडक्या, गिलावा, फरशी, यांत काय धरले आणि काय नाही? काम कधी पुरे होणार? सगळे कागदावर आले पाहिजे. कागदाच्या २ प्रती करा. दोघांच्या सह्या घ्या. एक प्रत आपल्या पेटीत ठेवा.

तिसरी गोष्ट : पैसा कामाच्या मागून जावा, पुढून नको. पाया झाला, थोडे द्या. जोते झाले, थोडे द्या. भिंती, स्लॅब, गिलावा, असे टप्पे पाडा. थोडी रक्कम घर पुरे होईपर्यंत हातात ठेवा. २०१६ साली सुरू झालेल्या घरकुल योजनेतही पैसे हप्त्याने, काम पाहून खात्यात जमा होतात. सरकार काम पाहून पैसे देते, मग आपणच का एकदम द्यावेत?

चौथी गोष्ट : मालावर स्वतः नजर ठेवा. दोन विटा एकमेकींवर आपटा. चांगल्या विटेचा आवाज खणखणीत येतो. वाळू ओंजळीत चोळा. हाताला माती फार लागली तर ती वाळू परत करा. सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेले असते. ते वाचा. ३ महिन्यांहून जुन्या सिमेंटचा जोर कमी होतो. भिंतीला निदान ७ दिवस आणि स्लॅबला १० ते १४ दिवस पाणी मारलेच पाहिजे. जो मिस्त्री पाण्याची आठवण स्वतःहून देतो, तो कामाचा माणूस समजा.

आणि शेवटची गोष्ट जिवाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भागात भूकंप झाला. तिथली घरे जाड दगडी भिंतींची होती. पण दगड मातीत रचलेले, नीट सांधलेले नव्हते. वर मातीचे जड माळवद. भिंती फुटल्या, माळवदे खाली आली. हजारो माणसे झोपेतच गेली. म्हणजे जाड भिंत ही मजबूत भिंत असतेच असे नाही. म्हणून मिस्त्रीला विचारा, "जोत्यावर अन् दारं-खिडक्यांच्या वर, घराला चारी बाजूंनी लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा घालणार ना?" जो हसून उडवून लावील, त्याला नमस्कार करून दुसरीकडे जा.

आमच्या मिस्त्रींनी आहे त्या भिंती तपासल्या. भिजून खराब झालेला वरचा भाग उतरवला. दारांवर पट्टा घालून भिंती पुन्हा चढवल्या. मगच स्लॅब टाकला. खर्च वाढला, पण घर झाले. आता ते गळत नाही.

त्यांच्याशी केलेला कागद मुलीने लिहिला. आम्ही अक्षर अक्षर लावून तो दोनदा वाचला. मिस्त्री तोवर गप बसून राहिले. घाई केली नाही. मग आम्ही आयुष्यातली पहिली सही केली. वाकडीतिकडी आली, पण काय लिहिले आहे ते समजून केली.

मंडळी, तुम्हीही आता वाचायला शिकला आहात. कोणी कागद पुढे केला, तर लाजू नका. म्हणा, "थांबा, आधी वाचतो." जो खरा असेल, तो थांबेल.