भुकेल्या सुदानसाठी आमची विनंती
(ज्युबिली समारंभातील भाषण, धनज)



आज ज्युबिलीच्या पंक्तीस बसताना आम्हांस सुदान देशाचे स्मरण होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफूरमधील झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांनी जाहीर केले. युद्धाने तेथील शेती बुडविली व धान्याच्या वाटा अडविल्या.

भूक म्हणजे काय, हे आम्हां वऱ्हाडकरांस कोणी सांगावयास नको. १८९९-१९०० चा व १९७२ चा दुष्काळ या भूमीने सोसला आहे. १९५१ साली आपल्या देशास अन्नटंचाईने ग्रासले, तेव्हा अमेरिकेच्या कायदेमंडळाने सुमारे २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पण फेब्रुवारीत निघालेला प्रस्ताव वादविवादात अडकून जूनमध्ये कायदा झाला. उपाशी मुलास चार महिने कसे थांबावयास सांगावे?

म्हणून आम्ही आपल्या खासदारांस नम्रपणे लिहू या: संसदेत सुदानचा प्रश्न मांडा, धान्य व औषधे पाठविण्याचा आग्रह धरा, आणि विलंब टाळा. आपणांपैकी प्रत्येक कुटुंबाने या पत्रावर सही करावी. भुकेल्याच्या रूपाने प्रभूच दारी उभा असतो; त्यास आम्ही ‘उद्या ये’ म्हणू नये.